कादंबरी अर्ध्यावर असताना मत कसं सांगावं, शिफारस कशी करावी

"सध्या काय वाचतेस?" असं कुणी विचारलं की बहुतेकांच्या तोंडून पुस्तकाचं नाव येतं आणि पाठोपाठ एक विशेषण. "अमुक वाचतेय, अप्रतिम आहे." बोलणं तिथेच संपतं, कारण ऐकणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही. संपलेल्या कादंबरीवर निकाल देता येतो. चालू कादंबरीची फक्त खबर देता येते: कुठवर आलो, तोवर काय दिसलं, कुठे अडलो. ही खबर नीट दिली तर ऐकणाऱ्याला ठरवता येतं की हे पुस्तक घ्यावं, थांबावं की सोडून द्यावं.

आधी कुठवर आलात ते सांगा

मताच्या पहिल्याच ओळीत पुस्तक, लेखक आणि आपण कुठवर आलो ते यावं. नुसतं "पान 142" सांगून भागत नाही. मराठी कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्तीत अक्षरजुळणी बदलते आणि तोच प्रसंग वीस-पंचवीस पानं मागेपुढे सरकतो. म्हणून "320 पैकी 142" असं सांगावं. प्रकरणांना आकडे असतील तर प्रकरणाचा आकडा त्याहून बरा. ई-बुकवर टक्के दिसतात, पण त्यात प्रस्तावना आणि शेवटची जाहिरातीची पानंही मोजलेली असतात, तेव्हा ते आकडे ढोबळच समजावेत.

तोंड कधी उघडावं? तीनशे पानांच्या कादंबरीत पन्नासएक पानं होईपर्यंत थांबावं, दीडशे पानांच्या कादंबरीत तीस. सुरुवातीच्या पानांत वाचकाचा कान लेखकाच्या भाषेला सरावत असतो आणि कोण कोणाचा कोण हे लावण्यात डोकं गुंतलेलं असतं. त्या वेळचा कंटाळा पुष्कळदा कादंबरीचा नसतो.

निवेदक बदलणाऱ्या कादंबरीत हा नियम आणखी कडक करावा. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (1967) कर्णाच्या बोलण्यातून सुरू होते, पण पुढे कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हेही आपापल्या तोंडाने बोलतात. पहिल्या भागावर असलेल्या वाचकाने "कुंती अशी होती" असं ठासून सांगितलं, तर ते कर्णाचं मत झालं, कादंबरीचं नाही. "अजून कर्णाच्याच बाजूने ऐकतोय" एवढं म्हटलं की घोटाळा टळतो. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'चंही तसंच, तिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघेही आपली बाजू सांगतात.

खुणेसाठी पुस्तकात पोस्टकार्डाएवढा कोरा कागद ठेवा आणि त्यावरच टिपणं करा. प्रत्येक बैठकीनंतर दोन-तीन ओळी पुरतात: तारीख आणि पान, नवं कोण आलं, कुठे थांबलो आणि का. "का" हा भाग लोक गाळतात, आणि मत सांगताना नेमका तोच लागतो. "झोप आली म्हणून", "बस आली म्हणून", "संवाद कोण बोलतंय ते कळेना म्हणून" ही तीन अगदी वेगळी कारणं आहेत. आठवड्याने आठवणीत तिन्हीचं "रटाळ आहे" होऊन बसतं. लिहायला पेन्सिल घ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद दमट असतो आणि शाई पलीकडच्या पानावर उतरते. वाचनालयाच्या पुस्तकात मात्र पेन्सिलनेही खूण करू नये.

विशेषणं काढून टाका

अप्रतिम, वाचनीय, अंतर्मुख करणारी, खिळवून ठेवणारी, मन सुन्न करणारी. मलपृष्ठावर छापायला हे शब्द ठीक आहेत, शेजारणीला सांगायला नाहीत. ते कुठल्याही कादंबरीला लावता येतात. "एका बैठकीत संपवली" यातून वाचणाऱ्याला सुट्टी होती एवढंच कळतं.

व्हॉट्सॲपवर नेहमी दिसतो तसा हा एक मजकूर:

"रणांगण वाचतेय. अप्रतिम!! प्रत्येकाने वाचायलाच हवी. शेवट तर हादरवून टाकतो म्हणे."

यात वाचणारी कुठवर आली ते नाही, कादंबरी कशाबद्दल आहे ते नाही, आणि शेवटाबद्दलचं वाक्य ऐकीव आहे. शिवाय त्या एका वाक्याने पुढच्या वाचकाला शेवटाची वाट बघायला लावलं. आता तो मधली पानं भराभर उलटणार. दुरुस्त मजकूर असा होईल:

"रणांगण, विश्राम बेडेकर, 1939. एकतृतीयांश झाली. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरचा काळ. चक्रधर हा हिंदुस्थानी तरुण आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू मुलगी. बोटीतली बाकीची माणसंही लक्षात राहतायत. वाक्यं लहान आहेत, पण भराभर वाचली तर त्यांतलं निसटतं. मी रोज दहा-बारा पानंच वाचतेय. प्रेमकथा हलकीफुलकी हवी असेल तर ही घेऊ नका. पुस्तक छोटं आहे, अर्ध्यावर सोडायची पाळी येणार नाही."

साठ-सत्तर शब्द झाले. यात कुठवर आले ते आहे, काळ-स्थळ आहे, वाचायचा वेग आहे आणि कुणी घेऊ नये तेही आहे. "कुणी घेऊ नये" हे वाक्य सहसा कुणी लिहीत नाही, पण विश्वास त्यानेच बसतो. शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे गेलात तर लोक अर्ध्यावरून सोडतात. आवाजी निरोप पाठवायचा असेल तर दीड मिनिट पुरे. चार मिनिटांचा निरोप "मग ऐकते" म्हणून बाजूला ठेवला जातो आणि तिथेच राहतो.

एखादं वाक्य आवडलं तर तेच द्या, पान क्रमांकासह. नमुना म्हणून कादंबरीतल्या दोन ओळी जे काम करतात ते आपली दहा विशेषणं करत नाहीत. फक्त त्या ओळी पहिल्या पाव भागातल्या असाव्यात.

काय सांगायचं नाही

पहिल्या पाव भागात जे घडतं ते सांगायला हरकत नाही. त्याच्या पुढचं सांगायचं तर समोरच्याला विचारून. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही गुपित फुटतं, कारण ते घटना सांगून फुटतच नाही. ते हावभावातून फुटतं. कादंबरी संपवलेला माणूस म्हणतो, "हां, तो मामा ना? थांब, बघ पुढे." झालं. आता वाचणारा त्या मामावर डोळा ठेवून बसणार. "तुला तो आवडतोय? बरं बरं" हेही तसंच. पुढे गेलेल्याने मागच्याशी बोलताना एकच प्रश्न विचारावा: "तुला काय वाटतंय?" आणि उत्तर आलं की मान डोलवावी, भुवया उंचावू नयेत.

फोनवर आणखी एक भानगड आहे. निरोप उघडला नाही तरी त्याच्या सुरुवातीच्या ओळी पडद्यावर आपोआप दिसतात. म्हणून पहिल्या ओळीत पुस्तकाचं नाव आणि पानच असावं; महत्त्वाचं काही सांगायचं तर चार ओळी सोडून खाली. चुकून पाठवलेला निरोप नंतर पुसला तरी फोन ज्याच्या हातात होता त्याने तो वाचलेला असतो.

प्रस्तावनेपासूनही सावध राहा. मराठीत कादंबरीला समीक्षकाची प्रस्तावना जोडायची पद्धत आहे आणि त्यातल्या काही कथानक शेवटासकट सांगून मोकळ्या होतात. शिफारस करताना "प्रस्तावना शेवटी वाच" हे सांगायला विसरू नका.

पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबरीत घटना लपवण्यात अर्थ नाही. कर्ण मरतो हे पोराटोरांना ठाऊक आहे. तिथे लपवायची ती लेखकाची मांडणी: एखादा प्रसंग कुणाच्या तोंडून येतो, कुठे गाळला आहे, कुठल्या पात्राला अचानक जागा दिली आहे.

आणि एक अपवाद, जिथे गुपित राखण्यापेक्षा सांगणं बरं. ज्या घरात नुकतं कुणी गेलं आहे तिथे कादंबरी देताना "यात घरातला मृत्यू आहे" हे आधी सांगावं. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (1963) असा एक मृत्यू आहे. कोणाचा ते इथे लिहीत नाही, पण ज्याला गरज आहे त्याला बाजूला घेऊन नक्की सांगावं. आत्महत्या, बाळंतपणातला मृत्यू, अत्याचार यांनाही हाच नियम. रस थोडा कमी झाला तर चालेल.

शिफारस माणूस बघून करायची

चांगली कादंबरी चुकीच्या माणसाला दिली की दोन गोष्टी होतात: पुस्तक पडून राहतं आणि पुढच्या वेळी तो आपलं ऐकत नाही. म्हणून आधी तीन प्रश्न विचारा. वाड्यावरच्या मावशींना विचारायचं तर असं:

"मावशी, शेवटची कुठली कादंबरी पुरी वाचलीत?"
"कुठली अर्ध्यावर सोडलीत, आणि का?"
"वाचता कधी? दुपारी, की रात्री झोपताना?"

दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. आवडत्या पुस्तकाबद्दल माणसं शोभेसारखं उत्तर देतात, सोडलेल्या पुस्तकाबद्दल खरं बोलतात. "नावं फार होती" म्हणाल्या तर पाच पिढ्यांची कादंबरी देऊ नका. "अक्षरं बारीक होती" म्हणाल्या तर वाङ्मयाचा प्रश्नच नाही, मोठ्या टायपातली प्रत शोधा किंवा ई-बुकवर अक्षर मोठं करून द्या. साठीच्या पुढच्या वाचकांत पुस्तकं सुटण्याचं हे कारण फार वेळा निघतं आणि ते कुणी आपणहून बोलत नाही.

तिसऱ्या प्रश्नातून आकार ठरतो. पणजी-मडगाव शटल बसने रोज जाणाऱ्याला एका वेळी पाऊण तास ते तासभर मिळतो. त्याला दहा-पंधरा पानांची प्रकरणं असलेली, हातात मावणारी कादंबरी द्यावी. सातशे पानांचं कापडी बांधणीचं पुस्तक तो दोन दिवस नेईल आणि तिसऱ्या दिवशी घरी ठेवील. दिवाडीच्या फेरीबोटीत वाचायचं म्हटलं तर पाच-सात मिनिटंच, तिथे कथासंग्रह बरा. झोपताना वाचणाऱ्याला निवेदक वारंवार बदलणारी कादंबरी देऊ नये. रोज रात्री दोन पानं मागे जाऊन कोण बोलतंय ते शोधावं लागतं आणि आठवड्यात उत्साह मावळतो.

एका वेळी एकच पुस्तक सुचवा. फार तर दोन, आणि ती एकमेकांपासून दूरची. दहा नावांची यादी दिली की माणूस "जपून ठेवते" म्हणतो, आणि मग ती कधीच उघडली जात नाही.

मालिकेतलं पुस्तक असेल तर क्रम सांगा. नेमाड्यांची चांगदेव या नायकाची चार पुस्तकं 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' अशी आहेत. वाचनालयात हातात येते ती नेमकी 'झूल'.

अर्ध्यावर असताना शिफारस करावी का? भाषा, वातावरण, माणसं यांच्या जोरावर चालणारी कादंबरी असेल तर खुशाल करा, "पुढचं माहीत नाही" असं जोडून. रहस्यकथेची मात्र शेवटचं पान झाल्याशिवाय करू नये. तिचं सगळं गणित शेवटाला जमतं किंवा फसतं.

बोली आणि मराठी-कोंकणी

गोव्यातल्या मराठी वाचकाची एक अडचण बाहेरच्यांना दिसत नाही. घरात कोंकणी, वाचन मराठी. प्रमाण मराठी त्याला पाण्यासारखी कळते, पण विदर्भ-मराठवाड्याच्या बोलीतली कादंबरी हातात आली की पहिल्या पानावरच अडखळतो. म्हणून बोली कुठे आहे ते सांगा: फक्त संवादांत, की सगळ्या निवेदनात? रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'त (1971) कथाच मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीतून सांगितली आहे. अशी कादंबरी सुचवताना पहिली दोन पानं मोठ्याने वाचून दाखवावीत. डोळ्याला परकी वाटणारी बोली कानाला चटकन कळते, आणि एकदा सूर सापडला की दहाव्या पानानंतर अडत नाही.

उलट दिशेनेही हेच. दामोदर मावजो यांच्या 'कार्मेलीन'ला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. कामासाठी कुवेतला जाणाऱ्या गोमंतकीय बाईची ती गोष्ट. पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' (1977) खाणींनी गावाचं काय केलं ते सांगते. दोन्ही मूळ कोंकणीत. ज्याच्या घरात कोंकणी बोलली जाते त्याला अनुवाद सुचवण्याआधी मूळ पुस्तकाची पहिली दहा पानं मोठ्याने वाचायला सांगा. देवनागरी कोंकणी वाचायची सवय नसल्याने सुरुवातीला वेग निम्म्यावर येतो. तो येणारच, हे आधी सांगितलं तर माणूस धीर धरतो. अनुवादच वाचत असाल तर मत देताना अनुवादकाचं नाव घ्या. "भाषा खडबडीत आहे" ही तक्रार लेखकाच्या खात्यावर जायची की अनुवादकाच्या, ते मूळ पाहिल्याशिवाय ठरवू नये.

विषयही सरळ सांगावा. महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' पोर्तुगीज काळातल्या धर्मांतराबद्दल आहे. मिश्र शेजार असलेल्या गावात, सगळ्या धर्मांची माणसं असलेल्या गटात ती सुचवताना विषय लपवू नये आणि भडकही करू नये. कादंबरीत कोण काय करतं एवढंच बोलावं. कोंकणी की मराठी या राजभाषेच्या वादाचंही तसंच. 1987 च्या राजभाषा कायद्यावर बोलणं गेलं की त्या संध्याकाळी कादंबरी परत येत नाही, हे गोव्यात बैठक घेणाऱ्या कुणालाही विचारा.

गटात वाचत असाल तर

एकच कादंबरी सहा-आठ जण मिळून वाचत असतील तर आठवड्याला साठ ते ऐंशी पानं ठरवा. तीनशे वीस पानांना साधारण साडेचार-पाच आठवडे. चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा आठवडा आणि त्याच्या आधीचा धरू नका. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायच्या दिवसांत कुणी पान उलटत नाही. गावच्या जत्रेची तारीखही आधी विचारून घ्या.

बोलण्याची पाळी अशी लावा: सगळ्यात मागे असलेला आधी, सगळ्यात पुढे असलेला शेवटी. पूर्ण वाचून झालेला असेल त्याने त्या दिवशी फक्त ऐकावं. ही एक शिस्त पाळली तर निम्मी भांडणं मिटतात. पुढचा आधी बोलला की मागचे आपलं मत गिळतात आणि त्याच्याच मताला दुजोरा देतात. वयाने किंवा मानाने मोठे असतील त्यांना, विशेषतः निवृत्त मास्तर असतील तर, आधीच नम्रपणे सांगून ठेवावं: "सर, तुम्ही शेवटी बोला, नाहीतर आम्ही कुणी बोलणारच नाही." प्रत्येकी चार मिनिटं. घड्याळ कुणीतरी हातात धरावं.

आवडत नसेल तर

"मला आवडत नाहीये" म्हणण्याआधी वेळ बदलून पाहा. रात्रीची कादंबरी रविवारी सकाळी वीस पानं वाचा. तरीही अडलं तर कारण कादंबरीत आहे असं धरायला हरकत नाही. मग ते नेमकं सांगा: "पान 90 नंतर प्रत्येक प्रसंगात निवेदक स्वतःच अर्थ समजावतो." असं कारण दिलं की ऐकणाऱ्याला कळतं, हे आपल्यालाही खटकेल की नाही. "कोसलाकाराची भाषा झेपली नाही" यापेक्षा "त्याचं दर दोन वाक्यांनी येणारं 'उदाहरणार्थ' मला टोचतं" हे कितीतरी उपयोगी. कुणाला तेच वाचायचं असतं.

सोडली असेल तर सोडली म्हणा आणि पान सांगा. सोडलेल्या पुस्तकावर पूर्ण वाचल्यासारखं मत देणं हे सगळ्यात वाईट. पुढे मत बदललं तर जुनं पुसू नका, खाली भर घाला: "पान 90 ला अमुक म्हटलं होतं, 210 ला कळलं की निवेदकाचं ते समजावणं मुद्दाम होतं." असं बदलणारं मत इतरांना पुस्तक उचलायला लावतं.

प्रत कुठून, आणि पीडीएफचं काय

शिफारशीत पुस्तक कुठे मिळेल तेही असावं. बऱ्याच जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या आवृत्त्या संपलेल्या असतात. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात (स्थापना 1832) किंवा आपल्या तालुक्याच्या वाचनालयात प्रत आहे का, ते आधी बघून मगच नाव सुचवा.

पीडीएफ फिरवू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 'श्यामची आई'च्या मजकुरावरचा हक्क 2010 अखेर संपला. बेडेकर 1998 साली गेले, म्हणून 'रणांगण' 2058 अखेरपर्यंत हक्कात आहे. मत सांगताना चार ओळी उद्धृत करायला कायदा मोकळीक देतो, प्रकरणच्या प्रकरण पाठवायला नाही.

स्वतःची प्रत देणार असाल तर आतल्या पानावर पेन्सिलने आपलं नाव, आणि आपल्या वहीत कुणाला कधी दिली ते. पावसात स्कूटरवरून नेताना प्लॅस्टिकची पिशवी हवी, पण घरी पोचल्यावर लगेच काढायला सांगा. दमट पुस्तक पिशवीत राहिलं की बुरशी धरते. भिजलंच तर दर दहा-बारा पानांत टिपकागद घालून पंख्याखाली उभं ठेवावं. कडक उन्हात ठेवलं तर पानं वेडीवाकडी होतात आणि बांधणी सुटते.

तीनएक आठवड्यांनी एकदाच विचारा, आणि "वाचलीस का?" असं नको; "कुठवर आलीस?" असं. पुस्तक परत आलं आणि खूण पान 30 वरच अडकलेली दिसली तर काही बोलू नका. वहीत त्या नावापुढे "30" लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक देऊ नका.